पांढऱ्या सोन्याच्या मुलखात: पहाट ते रात्र

मालीच्या दक्षिणेला सिकासो आणि कुतियाला या शहरांभोवतीचा मुलूख कापसाचा आहे. देशाला समुद्रकिनारा नाही, पण या भागात पाऊस बऱ्यापैकी पडतो, वर्षाला साधारण ८०० ते १,२०० मिलिमीटर. जून ते ऑक्टोबर असा एकच हंगाम. रानात कापूस, मका, ज्वारी, बाजरी, भुईमूग, चवळी. यवतमाळच्या किंवा वाशीमच्या शेतकऱ्याला यातलं एकही पीक नवं नाही. मालीतल्या सुमारे ४० लाख माणसांचं पोट कापसावर चालतं आणि कुतियाला हे त्या व्यवहाराचं माहेरघर.

पुढे मांडलेला दिवस कुणा एका कुटुंबाचा नाही. या पट्ट्यातली शेती, आजार आणि बाजार यांच्याविषयी जे नोंदलं गेलं आहे त्यावरून जुळवलेला, तिथल्या कुठल्याही गावात दिसावा असा हा दिवस आहे. ऑगस्टअखेरचा दिवस मुद्दाम निवडला. काम सर्वांत जास्त, घरातलं धान्य सर्वांत कमी आणि मलेरिया सर्वांत जोरात, या तिन्ही गोष्टी याच दिवसांत एकत्र येतात.

पहाटे ४.३०

उजाडायला अजून दीड तास आहे. मोठ्या वाड्यात वीस-पंचवीस माणसं राहतात: थोरला भाऊ कर्ता, त्याचे धाकटे भाऊ, सगळ्यांच्या बायका, मुलं, म्हातारी आई. रांधायची पाळी घरातल्या सुनांमध्ये फिरत राहते. आज जिची पाळी, तिचा दिवस सगळ्यांच्या आधी सुरू होतो. पाणी, सरपण, कांडण, दोन वेळचा स्वयंपाक, सगळं तिच्याकडे, आणि त्यासाठी शेतातल्या कामातून सुट्टी नाही.

ती आधी हातपंपावर जाते. मालीत गावोगाव दिसणाऱ्या या पंपाला ‘इंडिया-माली’ म्हणतात. त्याचं मूळ थेट मराठवाड्यात आणि सोलापुरात आहे. आपल्याकडच्या दुष्काळी गावांत ओतीव लोखंडाचे पंप अख्ख्या गावाच्या वापरानं मोडून पडायचे. त्यावर उपाय म्हणून जालन्याच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात तो सुधारला गेला, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं त्यातूनच ‘इंडिया मार्क २’ तयार झाला. पुढे तो आफ्रिकेत गेला आणि मालीनं त्याचा आपला अवतार केला.

पंप चालू आहे तोवर ठीक. वायसर झिजला, दांडी तुटली, की दुरुस्तीचे पैसे गावाच्या पाणी समितीनं उभे करायचे. ऑगस्टमध्ये कुणाच्याच हातात रोकड नसते. मग बायका उघड्या विहिरीवर जातात. त्या विहिरीत पावसाचं घाण पाणी उतरलेलं असतं, आणि आठवड्याभरात गावातल्या पोरांना जुलाब सुरू होतात.

सकाळी ६

न्याहारीला बाजरीची पातळ आंबील. कोठार मातीचं, वर गवताची टोपी. धान्य काढून द्यायचं काम घरातल्या थोराचं, आणि या दिवसांत तो हात राखून देतो, कारण नवी बाजरी-ज्वारी यायला दीड-दोन महिने आहेत, मका तेवढा थोडा आधी येईल. जून ते ऑगस्ट हा पश्चिम आफ्रिकेतल्या कोरडवाहू पट्ट्याचा टंचाईचा काळ आहे.

धान्य कमी पडण्यामागे दरवेळी पीक बुडालेलं असतंच असं नाही. सुगीच्या वेळी कर, लग्न, शाळा, दवाखाना यांसाठी रोकड लागते. तेव्हा भाव पडलेला असतो आणि तेव्हाच पोती विकावी लागतात. तीच बाजरी ऑगस्टमध्ये चढ्या भावानं परत विकत घ्यावी लागते. गावात धान्य ठेवून त्यावर उचल देणारी सोय असेल तर हा फेरा तुटतो. जिथे ती नाही, तिथे शेतकरी स्वतःच पिकवलेल्या धान्याचा गिऱ्हाईक होतो.

याच दिवसांत शिआच्या झाडाखाली फळं पडतात. मुली आणि म्हाताऱ्या झुंजुमुंजू होताच टोपल्या घेऊन निघतात. फळाचा गर खायचा, आतली बी जपून ठेवायची. हे झाड कुणी लावत नाही. धरायला पंधरा-वीस वर्षं घेतं. नांगरणाऱ्यानं ते पिढ्यानपिढ्या शेतात राखलं, म्हणून टिकलं. वाढलेल्या गवतात हात घालून फळं वेचायची असल्यानं सर्पदंशाची भीती रोजची.

सकाळी ७.३०

सगळं घर कुटुंबाच्या सामाईक रानात. पुरुष बैलजोडी घेऊन डवरणीला, बायका आणि मोठी पोरं निंदायला. कापूस कमरेएवढा आला आहे, पाते-फुलं धरली आहेत. शेजारच्या तुकड्यात मका. गेल्या वर्षी जिथे कापूस होता तिथे यंदा मका, ही फेरपालट इथे मुरलेली आहे.

या दोन पिकांचा संबंध समजल्याशिवाय इथली शेती कळत नाही. कापसाचा सगळा कारभार सीएमडीटी या सरकारी कंपनीकडे आहे. १९७४ मध्ये ती स्थापन झाली. हंगामाच्या सुरुवातीला ती गावच्या सहकारी संस्थेमार्फत बियाणं, खत, औषध उधारीवर देते आणि सुगीनंतर कापूस घेऊन त्यातून उधारी कापते. मालीच्या शेतकऱ्याला बँक उभं करत नाही. खताची उधारी मिळायची असेल तर कापूस पेरावा लागतो. कापसाच्या नावावर आलेलं खत मक्यालाही मिळतं, आणि मका घराचं पोट भरतो. कापसात फार उरत नाही हे ठाऊक असूनही शेतकरी तो पेरतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

या उधारीला संस्थेतले सगळे एकमेकांना जामीन असतात. एकाचा कापूस बुडाला तर त्याची बाकी उरलेल्यांच्या पैशातून जाते. चांगलं पिकवणाऱ्याच्या हातीही मग पूर्ण चुकारा पडत नाही, आणि गावात कायमची तेढ राहते.

खत वेळेवर येणं गावाच्या हातात नाही. जानेवारी ते जुलै २०२२ या काळात पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेनं मालीवर निर्बंध घातले होते. त्याच काळात, फेब्रुवारीत, युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जगभर खताचे भाव भडकले. बंदर दुसऱ्या देशात, रस्ता दुसऱ्या देशातून. अशा वेळी पोतं गावात पोचेपर्यंत पिकाची ते घ्यायची वेळ निघून गेलेली असते.

सकाळी १०

कर्ता मधल्या ओळीत थांबतो आणि कापसाचं एक पान उलटं करतो. पानाच्या खालच्या बाजूला, शिरांच्या कडेनं, पोपटी रंगाचे बारीक किडे. बोट जवळ नेलं की खेकड्यासारखे तिरके सरकतात आणि उडतात. पानाची कड आधी पिवळी, मग तांबूस झालेली. पान खालच्या अंगाला मुरडलेलं. चार दिवसांत अख्खं झाड भाजल्यासारखं दिसेल आणि पाते गळतील.

विदर्भातलं शाळकरी पोरही सांगेल की हे तुडतुडे. पश्चिम आफ्रिकेत तुडतुड्यांची देशी जात होती, पण तिचा एवढा त्रास नव्हता. २०२२ च्या हंगामात जी जात पसरली ती आपल्या भारतीय उपखंडातली, अम्रास्का बिगुट्टुला. ती तिथे कशी पोचली हे सोडून देऊ. पोचली तेव्हा तिथल्या वाणांना आणि नेहमीच्या फवाऱ्यांना ती दाद देईना. शेजारच्या आयव्हरी कोस्टचं कापूस उत्पादन त्या एका हंगामात जवळपास निम्म्यानं घटलं. माली आणि बुर्किना फासोलाही मोठा फटका बसला.

नव्या किडीला नवं औषध, म्हणजे उधारीत नवी भर. फवारणारा पाठीवर पंप घेऊन ओळीत शिरतो. तोंडाला फडकं, अंगात जुना सदरा, पाय उघडे. हातमोजे आणि मुखवटा औषधाबरोबर येत नाहीत, आणि आले तरी दमट उकाड्यात अंगावर ठेवणं कठीण. रिकामे डबे धुऊन घरात पाण्याला किंवा तेलाला वापरले जातात. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा निदान त्याची मोजदाद झाली, चौकशी झाली. मालीच्या खेड्यात फवारणीनंतर उलट्या झाल्या की लोक ताक-दूध देतात आणि निजवतात. ती विषबाधा कुठल्या वहीत चढत नाही.

बीटी कापसाचं काय, हे मराठी वाचकाच्या मनात येणारच. बुर्किना फासोनं २००८ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर पेरायला घेतला. अळीवर उपयोग झाला, पण धाग्याची लांबी कमी भरू लागली आणि चांगल्या प्रतीचा म्हणून मिळणारा भाव गेला. २०१६ पर्यंत त्यांनी तो सोडून दिला.

सकाळी ११.३०

सात वर्षांची पोर कालपासून तापली आहे. आई तिला मोटरसायकलवर मध्ये बसवते, दीर गाडी हाकतो. ऑगस्टच्या चिखलात सहा-सात किलोमीटरला पाऊण तास लागतो. घर सोडण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते: कर्त्यानं हो म्हणायचं आणि पैसे द्यायचे. अनेक घरांत पोर दवाखान्यात उशिरा पोचतं ते या एका पायरीपाशी.

सामुदायिक आरोग्य केंद्र ही मालीनं स्वतः घडवलेली व्यवस्था आहे. राजधानी बामाकोच्या बांकोनी वस्तीत १९८९ मध्ये पहिलं केंद्र निघालं. गावकऱ्यांची संघटना ते चालवते, फी घेते, औषधं ठेवते. आज देशभर अशी केंद्रं आहेत. फीवर चालणारी व्यवस्था असल्यानं ज्या महिन्यात आजार जास्त त्याच महिन्यात लोकांकडे पैसे नसतात, ही तिची मोठी अडचण.

परिचारिका पोरीच्या बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घेते, त्यावर द्रावणाचे थेंब सोडते. पंधरा मिनिटं वाट पाहायची. एक रेघ उमटली तर मलेरिया नाही, दोन उमटल्या तर आहे. ऑगस्टमध्ये दुसरी रेघ बहुतेक वेळा पंधरा मिनिटांच्या आतच लाल होते. तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि वेळेत दिल्या तर पोर चार दिवसांत खेळायला लागतं.

उशीर झाला तर गोष्ट वेगळी. परजीवी तांबड्या पेशी फोडत जातो, पोर पांढरंफटक पडतं, झटके येतात. मग कुतियालाच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि रक्त चढवायचं. जगात मलेरियानं होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत होतात, आणि त्यातही चारांपैकी तीन मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात. औषध स्वस्त आहे, तपासणी स्वस्त आहे. पाऊण तासाचा चिखल आणि खिशातली रोकड या दोन गोष्टी महाग पडतात.

दुपारी २

रानातच झाडाखाली जेवण. बाजरीच्या किंवा मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्याला तिथे ‘तो’ म्हणतात, आणि त्यावर भेंडीचं किंवा गोरखचिंचेच्या वाळवलेल्या पानांच्या भुकटीचं कालवण. पुरुषांची परात वेगळी, बायकांची वेगळी, पोरांची वेगळी. मांस-मासे असले तर बहुतेक वाटा पुरुषांच्या परातीत जातो.

सिकासो भाग मालीचं धान्याचं कोठार. कापूस सर्वांत जास्त इथे, मका सर्वांत जास्त इथे. आणि तरी इथल्या लहान मुलांची वाढ खुंटण्याचं प्रमाण अनेक पाहण्यांत देशातल्या इतर, कमी पिकणाऱ्या भागांपेक्षा कमी नाही, उलट जास्तच आढळलं. अभ्यासकांनी याला ‘सिकासोचा विरोधाभास’ असं नावच दिलं आहे.

या दिवसाकडे नीट पाहिलं तर त्याची कारणं इथेच सापडतात. सामाईक रानातल्या कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि कर्त्याच्या हाती जातो. त्यातून उधारी, बैल, मोटरसायकल, पत्रे निघतात. पोराच्या वाटीत काय पडावं हे ठरवणाऱ्या बाईपर्यंत तो क्वचितच पोचतो. पाणी भरण्यापासून निंदण्यापर्यंतच्या कामात तिला तान्ह्याला दिवसातून चार-पाच वेळा वेगळं भरवायला सवड नाही. पोर सकाळच्या आंबिलीवर दुपारपर्यंत राहतं. त्यात जुलाब आणि मलेरिया खाल्लेलं अंगी लागू देत नाहीत. उत्पन्न वाढलं की पोषण आपोआप सुधारतं, हा समज या मुलखानं खोटा ठरवला आहे. पैसा कुणाच्या हातात येतो आणि वर्षातून किती वेळा येतो, हेही तितकंच महत्त्वाचं.

दुपारी ३.३०

ढग दाटले आहेत. सहकारी संस्थेची माणसं गोदामाच्या पडवीत जमतात. कोळशाच्या शेगडीवर छोट्या किटलीत हिरवा चहा उकळतो. तीन वेळा, दरवेळी थोडा फिका आणि थोडा गोड. विषय तुडतुड्याचं औषध, आणि मग नेहमीचा: भाव.

भाव पेरणीच्या सुमारास जाहीर होतो. अलीकडच्या हंगामात पहिल्या प्रतीच्या कापसाला किलोला तिथले ३०० फ्रँक. आपल्या हिशेबानं साधारण ४५ रुपये, म्हणजे क्विंटलला साडेचार हजारांच्या आसपास. भारतात २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला तोही दरवेळी हातात पडत नाही हे खरं. पण त्याच कष्टाच्या, त्याच कोरडवाहू, हातानं वेचलेल्या कापसाला मालीत त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त भाव आहे. उतारा हेक्टरी नऊ-दहा क्विंटल. त्यातून उधारी गेली की काय राहतं ते ज्याचं त्यानं मोजावं.

हे शेतकरी मुकाट्यानं सोसत आले असं मात्र नाही. २००० साली त्यांनी कापूस पेरायलाच नकार दिला आणि देशाचं उत्पादन साधारण निम्म्यावर आलं. २०२० मध्ये भाव पाडला गेला, खताचं अनुदान अडलं, तेव्हा पुन्हा तेच: आदल्या हंगामातलं सात लाख टनांचं पीक दीड लाख टनांच्या खाली घसरलं. पुढच्या वर्षी भाव वाढवावा लागला.

सरकारची कंपनीही हा भाव मनानं ठरवत नाही. मालीची जवळजवळ सगळी रुई न कातता परदेशी जाते. सूत-कापडाचा नफा बांगलादेश, चीन, भारत अशा देशांत होतो. आणि जागतिक भाव पडतो त्याला श्रीमंत देशांच्या अनुदानांचा हातभार आहे. २००१ च्या सुमारास अमेरिका आपल्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना वर्षाला ३ अब्ज डॉलरच्या घरात अनुदान देत होती. तिथे माल ओसंडला की कुतियालात भाव कोसळायचा. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध उघड आवाज उठवला. मालीचे अमादू तुमानी तुरे आणि बुर्किना फासोचे ब्लेझ कॉम्पाओरे या दोन राष्ट्राध्यक्षांनी त्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून हेच मांडलं. मागणी भीक नव्हती; अनुदानं काढा, हे मुख्य म्हणणं होतं.

मिळालं काय? २००५ च्या हाँगकाँग परिषदेत कापसाची निर्यात अनुदानं बंद करायचं ठरलं. देशांतर्गत अनुदानांचा मुख्य प्रश्न मात्र तसाच राहिला. ब्राझीलनं याच विषयावर अमेरिकेविरुद्ध रीतसर खटला लढवला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. ब्राझीलकडे वकिलांची फौज होती आणि अमेरिकी मालावर उलट कर लावायची ताकद होती. चार आफ्रिकी देशांकडे न्याय्य बाजू होती, ती ताकद नव्हती. त्यांच्या पुढाकारानं ७ ऑक्टोबर हा जागतिक कापूस दिन मात्र २०१९ पासून साजरा होतो.

संध्याकाळी ५.३०

सामाईक रानातलं काम सुटलं की बायकांचं स्वतःचं काम सुरू होतं. प्रत्येकीला नवऱ्याच्या घरानं दिलेला एक लहान तुकडा असतो: भुईमूग, भेंडी, अंबाडी, कधी पाणथळीतला भात. जमीन तिच्या नावावर नसते आणि पुढच्या वर्षी तोच तुकडा मिळेल याची हमी नसते, त्यामुळे त्यात शेणखत घालून माती सुधारायला हात धजत नाही. पण त्यातून येणारा पैसा तिचा. आजच्या कालवणातलं मीठ, मुलाची वही, तापाच्या गोळ्या बहुतेक वेळा या तुकड्यातून येतात.

शिआची बीही तिची. बी उकडायची, वाळवायची, फोडायची, भाजायची, दळायची, मग पाणी घालून तासन्‌तास हातानं फेसायची, तेव्हा लोणी वर येतं. त्याला पाणी भरपूर लागतं आणि सरपण त्याहून जास्त. ते आणायला आता पूर्वीपेक्षा लांब जावं लागतं. युरोपीय संघानं २००० मध्ये चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत इतर वनस्पती-स्निग्ध चालतील असं ठरवलं, त्या यादीत शिआ आहे. सौंदर्यप्रसाधनांत तर आहेच. मागणी वाढली, पण बाई विकते ती बहुधा कच्ची बी, गावात आलेल्या दलालाला, ऑगस्टच्या टंचाईत, तो म्हणेल त्या भावाला. पक्का माल आपल्याकडेच व्हावा म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये नायजेरियानं कच्च्या बीची निर्यात सहा महिने थांबवली. हेतू रास्त आहे. मात्र गावात गिरणी, पाणी आणि उचल दिल्याशिवाय नुसती बंदी घातली तर बीचा भाव पडतो आणि तोटा वेचणाऱ्या बाईच्या पदरी येतो.

संध्याकाळी ७

गुरं परततात. बैलजोडी ही इथल्या घराची शिल्लक आहे. अडचणीत आधी शेळी जाते, मग गाय, आणि बैल अगदी शेवटी. बैल विकलेलं घर पुढच्या हंगामात मागे पडतं.

गावाच्या कडेनं फुलानी गुराख्यांचे कळप असतात. पूर्वी कापणीनंतर ते शेतात बसायचे, धान्याच्या बदल्यात खत मिळायचं. कापसाखालचं रान वाढत गेलं, गुरांच्या वाटा नांगराखाली आल्या, आणि उभ्या पिकात गुरं शिरण्यावरून भांडणं वाढली. २०१२ पासून उत्तरेत पेटलेला सशस्त्र संघर्ष पुढे मध्य मालीत आणि आता दक्षिणेतही उतरला. त्यानं या जुन्या भांडणांच्या हाती बंदुका दिल्या. सप्टेंबर २०२५ पासून तर इंधनाचे टँकर अडवले, जाळले जाऊ लागले. डिझेल नाही म्हणजे पिठाची गिरणी बंद, कापसाचे ट्रक उभे, रुग्णवाहिका उभी.

रात्री ८.३०

जेवणं उरकली. तापलेल्या पोरीला संध्याकाळची गोळी दिली. ती मच्छरदाणीत निजली आहे. तिच्या दोन वर्षांच्या भावासाठी आईनं वेगळी गोळी काढली. काल आरोग्यसेविकेनं घरी येऊन पहिली मात्रा स्वतः पाजली, अर्धा तास थांबून पोर ओकत नाही ना ते पाहिलं, आणि पुढच्या दोन दिवसांच्या गोळ्या आईकडे दिल्या. गोळी चमच्याभर पाण्यात विरघळते, चवीला गोड. पाच वर्षांखालच्या मुलांना पावसाळ्यात दर महिन्याला असे तीन दिवस हे औषध दिलं, की त्या महिन्यापुरता मलेरिया बहुतांशी दूर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये याची शिफारस केली आणि त्याच वर्षी डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेनं कुतियाला जिल्ह्यात दीड लाखाहून जास्त मुलांना ते दिलं. पाठोपाठच्या आठवड्यांत साध्या मलेरियाचे रुग्ण सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. मोठी बहीण मात्र सात वर्षांची, म्हणून या औषधाच्या वयोमर्यादेबाहेर.

पाळण्यातल्या बाळाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येऊ शकते: आर-२१ ही मलेरियाची लस. ऑक्सफर्ड विद्यापीठानं ती विकसित केली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ती तयार होते, डोसची किंमत २ ते ४ डॉलर. तिच्या शेवटच्या टप्प्याच्या चाचणीत चार देशांतली ४,८०० मुलं होती, त्यातलं एक केंद्र याच दक्षिण मालीतल्या बुगुनीचं. हंगामी मलेरियाच्या भागात पावसाळ्याआधी दिल्यावर वर्षभरात सुमारे ७५ टक्के बचाव दिसला. बामाकोतलं मलेरिया संशोधन केंद्र उभारण्यात मोठा वाटा असलेले डॉ. ओगोबारा डुम्बो २०१८ मध्ये गेले; त्यांनी घडवलेल्या शास्त्रज्ञांनी बुगुनीतलं हे काम पार पाडलं. २५ एप्रिल २०२५ रोजी मालीनं ही लस नेहमीच्या लसीकरणात आणली, सुरुवातीला निवडक जिल्ह्यांत.

दिवसाचा हिशेब

पहाटे साडेचारपासून रात्री साडेआठपर्यंत सोळा तास झाले. या दिवसात आळस कुठे नाही, अडाणीपणा कुठे नाही. शेतकऱ्याला कीड ओळखता येते, आईला मात्रा पाळता येते, संस्थेला जागतिक भावाचं गणित कळतं. तरीही हे घर गरीब आहे, कारण त्याच्या दिवसातले मोठे निर्णय त्याच्या हातात नाहीत: कापसाचा भाव, खताची वेळ, शिआच्या बीचा व्यवहार, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत कापसाचा पैसाही.

आपल्याकडून या मुलखात पंप गेला, कीड गेली, लसही गेली. पंप आणि लस यांनी दाखवून दिलं की दुष्काळी, कोरडवाहू माणसाच्या गरजेवर काढलेला स्वस्त आणि टिकाऊ उपाय हजारो मैलांवर तसाच लागू पडतो. तुडतुड्यांवरचा आपला अनुभव, लवदार पानांचे सहनशील वाण, फवारणीतल्या विषबाधेतून घेतलेला धडा, हेही अकोल्याच्या आणि नागपूरच्या कापूस संशोधकांकडून तिथे जायला हवं.

राहिला भावाचा प्रश्न. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केलं, तेव्हा बाहेरच्या स्वस्त कापसामुळे आपण मरू असं विदर्भातला शेतकरी म्हणाला, आणि ते रास्त होतं. पण त्या स्वस्त कापसातला जो कापूस मालीसारख्या देशातून येतो, तो पिकवणारा आपला वैरी नाही. त्याचा कापूस स्वस्त आहे, कारण त्याला आपल्याहून कमी मिळतं. भारताच्या हमीभावावर अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत आक्षेप घेते तेव्हा आपल्यालाही सोबत लागतेच. म्हणून श्रीमंत देशांची कापूस अनुदानं बंद करावीत, ही त्या चार आफ्रिकी देशांची २००३ पासूनची मागणी आपल्या शेतकरी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घ्यावी, आणि भारत सरकारनं ती पुढच्या प्रत्येक व्यापार परिषदेत त्यांच्या बरोबरीनं मांडावी.